कापसाच्या खोलीत दिलेली परचेसची परीक्षा

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत अकरा वर्षांपासून परचेसला आहे. जानेवारी २०२२ मध्ये मी सिप्सच्या लेव्हल ५ ला, म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमाला, नाव घातलं आणि मे २०२४ मध्ये तो पूर्ण झाला. या परीक्षेबद्दल मराठीत काही वाचायला मिळावं म्हणून मी फार शोधलं, हाती काही लागलं नाही. जे मिळालं ते आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्यांचे प्रश्न वेगळे, आपले वेगळे. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते.

सिप्स म्हणजे चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय. ब्रिटनमधली संस्था, १९३२ पासूनची. १९९२ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळालं. खरेदी आणि पुरवठा या कामाच्या परीक्षा ती पायरीपायरीने घेते. लेव्हल ४ म्हणजे डिप्लोमा, ५ म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, ६ म्हणजे प्रोफेशनल डिप्लोमा. सहावी झाली आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवला की नावापुढे एमसीआयपीएस, म्हणजे संस्थेचा सदस्य, असं लावता येतं. मी पाचवीपर्यंत पोचले आहे.

यात पडले ती एका चुकीमुळे. २०१९ च्या पावसाळ्यात जर्मनीहून कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, मशीनचा एक महागडा स्पेअर मागवायचा होता. तीन कोटेशन आली. मी कम्पॅरेटिव्ह, म्हणजे तिन्ही भावांचा तुलनेचा तक्ता, केलं, सगळ्यात कमी भाव होता त्याला पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढली. त्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘एक्स वर्क्स’ लिहिलं होतं. बाकी दोघांचे भाव मुंबईपर्यंतचे, भाडं आणि विमा धरून होते. एक्स वर्क्स म्हणजे माल त्यांच्या कारखान्याच्या दारात आपल्या हवाली. तिथून पुढचा ट्रक, निर्यातीचे कागद, भाडं, विमा सगळं आपल्या डोक्यावर. गिरणीला २ लाख ७० हजार रुपये जास्तीचे पडले आणि मशीन १९ दिवस उभी राहिली. साहेबांनी आवाज चढवला नाही. फाईल माझ्यापुढे ठेवली आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. ते बोट मला अजून दिसतं. मी बी.कॉम., कामावर लागले तेव्हा स्टोअरला जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाच्या पावत्या, लिहीत होते, तिथून परचेसला आले. काम बघून बघून शिकलेलं. जे कधी बघायलाच मिळालं नव्हतं ते मला येत नव्हतं.

आमच्याकडे आधी काम करणारा अकोल्याचा एक मुलगा तेव्हा मस्कतला होता. सिप्सचं नाव त्याच्याकडून कळलं. नागपूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटची शाखा आहे, त्यांचे डिप्लोमेही आहेत, आणि नागपुरात राहणाऱ्याने त्यांची चौकशी जरूर करावी. मला शनिवारी ड्यूटी असते आणि नागपूर पाऊणशे किलोमीटर. सिप्सची परीक्षा घरूनही देता येते हे कळलं, तिथेच माझं ठरलं.

कागदांचं रामायण सुरुवातीलाच झालं आणि ते नीट सांगते, कारण लग्न झालेल्या प्रत्येक बाईला त्यातून जावं लागणार आहे. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर वडिलांचं. परीक्षेला बसताना ओळखपत्रावर जे नाव तेच नोंदणीत लागतं. नुसतं मिळतंजुळतं चालत नाही. मी घाईत डिग्रीवरचं नाव घालून बसले होते. मग उलट्या क्रमाने सगळं करावं लागलं: आमच्या लग्नाची नोंदच झालेली नव्हती, ती आधी ग्रामसेवकांकडे केली, त्या दाखल्यावर नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पासपोर्टचा अर्ज, त्याचे १५०० रुपये, मग पोलीस चौकशी. पासपोर्ट हाती आल्यावर संस्थेला मेल करून नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतलं. यात चार महिने गेले. तुम्ही आधी पासपोर्ट करा, मग नोंदणी. नवऱ्याचं नाव पासपोर्टवर तुमच्या नावाला जोडून आलं असेल तर नोंदणीतही तसंच जोडून लिहा.

दुसरी अडचण पैसे भरण्याची. फी पौंडात. माझं डेबिट कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि मला वाटलं खात्यात काही गडबड आहे. गडबड काही नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाईन व्यवहार बंदच असतात, आपण स्वतः ते सुरू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये एक बटण आहे. ते सुरू करा, मर्यादा ठरवा, पैसे भरा, पुन्हा बंद करा. माझ्या कार्डावर परकीय चलनाचा वरचा आकार साडेतीन टक्के होता आणि त्यावर जीएसटी, तोही हिशेबात धरा.

लेव्हल ४ मी २०२१ मध्ये उरकली. आठ विषय, कामावर जे करत होते त्याचीच शिस्तशीर मांडणी. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाचवीतही आठ विषय. पाच सगळ्यांना सारखे: माणसं आणि टीम सांभाळणं, पुरवठा साखळीतली जोखीम, करारातली जोखीम, करार आणि वित्त यांचं प्रगत व्यवस्थापन, आणि नैतिक खरेदी. तीन आपण निवडायचे. मी वाटाघाटी, कॅटेगरी मॅनेजमेंट आणि लॉजिस्टिक्स घेतले. काही पेपर बहुपर्यायी प्रश्नांचे, ६० प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. काही लेखी, तीन तासांचे, तेही कॉम्प्युटरवर टाईप करून. लेखी पेपरला माझी पहिली धास्ती अभ्यासाची नव्हती, टायपिंगची होती. मी गिरणीत आकडे भराभर टाकते, पण इंग्रजीत सलग तीन तास वाक्यं टाईप करण्याची सवय नव्हती. दोन महिने रोज रात्री वीस मिनिटं फक्त टाईप केलं.

पहाटे सव्वाचारला उठायचं, सहापर्यंत वाचायचं, मग चूल, डबे, पोराची शाळा, आठची बस. बसमध्ये पस्तीस मिनिटं वहीतली उजळणी. पहिल्याच आठवड्यात सासूबाई उठून आल्या. “काहून बाई, एवढ्या पहाटंचं काय वाचून राह्यली? डोळे जातीन ना!” मी म्हटलं, आई, परीक्षा आहे, खरेदीची. त्या थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या, “खरेदीची बी परीक्षा असते काय?” दुसऱ्या दिवसापासून सव्वाचारला माझ्याआधी चहा तयार असायचा.

मार्च २०२२ मध्ये पहिला पेपर दिला, माणसं आणि टीम. काम आणि प्रेरणा यांबद्दलचे टेलर, मास्लो, हर्झबर्ग यांचे सिद्धांत, टकमनच्या टीम बनण्याच्या पायऱ्या. निकालाला जवळपास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी रोज मेल उघडून बघायची. पुढे पुढे ती सवय मोडली. पेपर झाला की दुसऱ्या दिवशी पुढचं पुस्तक उघडायचं, हे मस्कतच्या मुलाने सांगितलं होतं ते खरं.

दुसरा विषय जोखमीचा, आणि तो मी ज्या महिन्यांत वाचला त्या महिन्यांनी मला पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला ६०२५ रुपये होता आणि बाजारात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. मे २०२२ मध्ये रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाखावर गेली. सूतगिरणीच्या खर्चात कापूस हाच मोठा वाटा. सरकारने १४ एप्रिलपासून आयात शुल्क माफ केलं, पण बाहेरून माल यायला दोन-अडीच महिने, आणि तिथेही भाव चढलेलेच. आमच्या ऑफिसात सकाळी पहिलं वाक्य भावाचंच असायचं. पुस्तकात रिस्क रजिस्टर शिकवलं होतं: धोका काय, होण्याची शक्यता किती, झाला तर फटका किती, दोन्हींचा गुणाकार, मालक कोण, उपाय काय. मी एका रविवारी आमच्या कापसाचं रजिस्टर बनवलं. भाव, ओलावा, काडीकचरा, जिनिंगवाल्याने सौदा करून माल न देणं, पावसाने रस्ता बंद. ओलाव्याची शक्यता मी आधी ‘मध्यम’ टाकली होती. मग गेल्या तीन हंगामांचे आमचेच रिपोर्ट काढले. सौदा आठ टक्क्यांचा आणि दिवाळीआधीच्या मालात मीटर बारा-तेरा दाखवतंय, असं कितीतरी गाठींच्या जिनिंग रिपोर्टवर होतं. आकडे आमच्या कपाटातच पडून होते, कोणी एका कागदावर मांडले नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा अभ्यास परका नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. पुस्तकातली प्रत्येक कल्पना आमच्या स्टोअरच्या एका वस्तूला बांधायची. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेला चार खणांचा चौकोन सगळ्यांना पाठ असतो, वस्तू किती महत्त्वाची आणि तिच्या पुरवठ्यात जोखीम किती यावरून खण ठरतो. माझ्या वहीत तो असा आहे: स्टेशनरी साधी, सूत गुंडाळायचे पेपर कोन घासाघीस करून स्वस्त मिळवायचे, परदेशी कार्डिंग वायर किमतीने लहान पण अडली तर मशीन उभी, आणि कापूस सगळ्यांच्या वर. परीक्षेत प्रश्न कसाही फिरवून आला तरी मला वस्तू आठवायची, वस्तूवरून खण आठवायचा.

जुलै २०२२ चा तो पेपर घरूनच दिला. घरून परीक्षा म्हणजे कॅमेऱ्यासमोर आपण एकटे, टेबल मोकळं, माईक सुरू, खोलीत दुसरं कोणी आलं तर अडचण. आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवावी लागते. पाऊस धो धो होता. सासूबाई ओट्यावर खाट टाकून बसल्या. कोणी आलं की हातानेच थांबवत होत्या. बाविसाव्या प्रश्नाला लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, राऊटरला नव्हती. स्क्रीन थिजली. दुसऱ्या कंपनीचा डोंगल आदल्या दिवशी चालवून ठेवला होता, तो जोडला. जोडणी परत येईपर्यंत माझे हात इतके थरथरत होते की पासवर्ड दोनदा चुकला. पलीकडच्या निरीक्षकाने पुन्हा खोली दाखवायला लावली आणि पेपर पुढे सुरू झाला. मी तेविसावा प्रश्न चार वेळा वाचला, तरी डोक्यात शिरेना. शेवटी डोळे मिटून बाहेरच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकला, मग वाचला. पास झाले. त्यानंतर राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतला, १४०० रुपयांचा. खेड्यातून देणाऱ्याने लॅपटॉपच्याही आधी हा घ्यावा असं मी म्हणेन.

नोव्हेंबर २०२२ मध्ये करारातली जोखीम. इथे एक जागा आहे जिथे आपल्याकडचा विद्यार्थी हमखास घोळ घालतो. पुस्तक इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेलं असतं, आपलं काम भारतीय करार कायदा १८७२ वर चालतं. उशिराच्या दंडाचं घ्या. आपल्या पीओवर ‘आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के’ अशी ओळ असते. इंग्लंडमध्ये ठरलेली रक्कम निव्वळ धाक दाखवण्यासाठी असेल तर ती चालत नसे. २०१५ च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती कराराच्या मागच्या वाजवी हितसंबंधाच्या प्रमाणाबाहेर आहे का ते बघतात. आपल्या कलम ७४ मध्ये दंड आणि ठरीव भरपाई असा तुकडाच पाडलेला नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं आणि करारातली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. मी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली, डावीकडे तिकडचं, उजवीकडे आपलं. पेपरात डावी बाजू लिहायची, ऑफिसात उजवी वापरायची.

आता तो पेपर, ज्यात मी नापास झाले. करार आणि वित्त. लेखी, तीन तास, मार्च २०२३.

त्या वर्षी आमच्या घरचा ३१ क्विंटल कापूस घरातच होता. आदल्या वर्षीचे दहा-अकरा हजार सगळ्यांच्या डोक्यात होते. डिसेंबरात साडेआठ हजार मिळत होते, यांनी थांबायचं ठरवलं, मीही हो म्हटलं. गावात घरोघरी हेच. काही कापूस कोठ्यात आणि बारा क्विंटल माझ्या अभ्यासाच्या खोलीत, अर्ध्या खोलीत छातीएवढा ढीग. रात्री अंगाला खाज सुटायची, पोराच्या हातापायांवर पुरळ आलं होतं. पेपरच्या दिवशी कॅमेरा फिरवला तेव्हा निरीक्षकाने थांबवलं. मागे ते पांढरं काय आहे? मी सांगितलं, कापूस, आमच्या शेतातला. त्याने कॅमेरा जवळ न्यायला सांगितला. मी एक बोंड उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, सरकी दिसेल असं बोटांनी फाकवून. मग ढिगाच्या मागची भिंत दाखवायला सांगितली, मी ढिगावर हात टेकून वाकून दाखवली. पेपर सुरू झाला.

पहिल्या प्रश्नात भावातल्या चढउताराची जोखीम कशी सांभाळावी ते होतं. मी फॉरवर्ड करार (पुढच्या मालाचा भाव आजच ठरवणं), हेजिंग (उलट सौदा करून तोटा झाकणं), टप्प्याटप्प्याने खरेदी, सगळ्यांच्या व्याख्या लिहिल्या. सुंदर इंग्रजीत लिहिल्या. पाठीमागे बारा क्विंटल जोखीम पडली होती आणि मी तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, कारण परीक्षेत असलं लिहायचं नसतं असं मला वाटत होतं.

मे महिन्यात निकाल आला, नापास. त्याच आठवड्यात कापूस विकला, ७२०० रुपयांनी. डिसेंबरच्या भावाशी तुलना केली तर क्विंटलला १३०० रुपये कमी, ३१ क्विंटलला चाळीस हजार. विक्रीची पट्टी घेऊन हे आले, ओट्यावर बसले, कोणी काही बोललं नाही. त्या रात्री मला परीक्षा सोडून द्यावीशी वाटली. पुन्हा फी भरायची, तीही या वर्षी. मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, “कापसात आपण दोघंही चुकलो. परीक्षेत काय चुकलं तुला माहीत आहे काय?” मला माहीत नव्हतं. मग ते शोधायला बसले.

चूक प्रश्नातल्या क्रियापदात होती. हे सगळ्यात कामाचं आहे, म्हणून नीट सांगते. ‘डिस्क्राईब’ म्हटलं तर वर्णन पुरतं. ‘एक्स्प्लेन’ म्हटलं तर कारण हवं, हे का आणि कसं. ‘इव्हॅल्युएट’ म्हटलं तर दोन्ही बाजू तोलायच्या आणि शेवटी आपला निर्णय द्यायचा. आपल्याला शाळा-कॉलेजात ‘टिपा लिहा’ची सवय. प्रश्न काहीही असो, जेवढं माहीत तेवढं ओतायचं. मी इव्हॅल्युएटच्या प्रश्नांना टिपा लिहून आले होते. निर्णय कुठेच दिला नव्हता.

पुढचे दोन महिने मी नवीन काही वाचलं नाही. आमच्याच फाईली घेतल्या आणि त्यांच्यावर निर्णय लिहिले. कॉम्प्रेसरचं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. स्वस्त कॉम्प्रेसर आणि वीज वाचवणारा महाग कॉम्प्रेसर. खरेदीच्या दिवशी स्वस्तच चांगला दिसतो. पण कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात वीज हाच सगळ्यात मोठा भाग, किंमत त्यापुढे थोडी. दहा वर्षांच्या वीजबिलातली बचत आजच्या किमतीत आणायची आणि मग तोलायचं, यालाच निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. सूत्र मला आधीही पाठ होतं. आमच्या मीटरचे आकडे घालून सोडवलं तेव्हा ते कळलं. आणि कापसावरही एक उत्तर लिहिलं: एका शेतकरी घराने सगळा माल एकाच भावाच्या आशेवर का ठेवू नये, एक तृतीयांश कधी विकावा, साठवणीचा खर्च काय, त्यात पोराच्या औषधाचे पैसेही धरले. ते उत्तर लिहिताना मला रडू आलं, पण लिहून पूर्ण केलं.

जुलै २०२३ मध्ये तोच पेपर पुन्हा, या वेळी हिंगणघाटला भावाच्या घरी. सप्टेंबरात निकाल, पास. त्या मार्चच्या १७ तारखेपासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं होतं; रोजच्या जाण्यायेण्यात वाचलेले पैसे मी एका डब्यात टाकत गेले, दुसऱ्यांदा भरलेल्या फीचा काही भाग त्या डब्यातून निघाला.

निवडीचे विषय त्यामानाने हलके गेले. वाटाघाटींत ‘बॅटना’ म्हणून एक कल्पना आहे, सौदा तुटला तर आपल्याकडे दुसरा चांगला मार्ग कोणता. बियाण्याच्या दुकानात सासूबाईंना मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते: “पटत नसंन तं राहू दे भाऊ, मी समोर पाह्यतो.” आणि त्या खरंच समोर जायच्या, नुसतं म्हणायच्या नाहीत. पुस्तकातही तेच आहे, दुसरा मार्ग खरा असला तरच त्याचं बळ. वाटाघाटी आणि कॅटेगरीचा पेपर नोव्हेंबर २०२३ मध्ये, लॉजिस्टिक्स जानेवारीत.

शेवटचा विषय नैतिक खरेदी, मार्च २०२४. याला सोपा समजू नका. ब्रिटनमध्ये २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आहे. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्याखाली दरवर्षी निवेदन काढावं लागतं, आपल्या पुरवठा साखळीत सक्तीची मजुरी राहू नये म्हणून काय केलं ते. आमचं सूत जिथे जातं त्यांच्या प्रश्नावल्या आम्हाला येतात, त्या का येतात ते मला इथे समजलं. साखळीचा नकाशा काढायला बसले: गिरणी, तिच्या मागे जिनिंग, मागे व्यापारी, मागे शेतकरी, मागे वेचणीच्या बाया. शेवटच्या चौकटीत कोण आहे ते मला चांगलं माहीत आहे. दरवर्षी वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्या शेतात सीतादही करतो, दहीभात घेऊन मीही जाते. त्या बाया किलोवर वेचतात. दुपारी चारनंतर कंबर धरून उभ्या राहतात. प्रश्नावलीत त्यांच्यासाठी एक रकाना असतो, ‘लागू नाही’ असं लिहून आम्ही तो सोडत आलो होतो. त्या वर्षी मी तसं लिहू दिलं नाही. जिनिंगवाल्यांना विचारलं, माहिती अर्धवट आली, ती अर्धवट आहे असं लिहून पाठवली.

आणि त्याच मार्चमध्ये सगळ्या परचेसवाल्यांची धावपळ चालली होती, लहान उद्योगांची बिलं ३१ मार्चच्या आत चुकती करायची. तेव्हाच्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम २०२३-२४ या वर्षाच्या खर्चापासूनच लागू होत होतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मुदत काही नवीन नाही. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातच आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आमचा एक पेपर कोनवाला आहे, घरचीच चार माणसं घेऊन कारखाना चालवतो. त्याचं बिल ११० दिवस थकलं होतं. मीच त्याला तीनदा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं होतं. या वेळी मी ते बिल जुन्या फाईलसारखं पडून राहू दिलं नाही, स्वतः अकाउंट्सला घेऊन गेले आणि सही होईपर्यंत तिथेच बसले. पेपरच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे ही.

मे २०२४ मध्ये सगळं पूर्ण झाल्याचा मेल आला. मी कम्पॅरेटिव्हवर काम करत होते. बाहेर जाऊन सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “झालं नं आता? आता सहा वाजेलोक झोपत जाय.”

पैशांचं सांगते, कारण कोणी सांगत नाही. लेव्हल ५ ला मेंबरशिप, आठ पेपर आणि एक पुन्हा दिलेला पेपर, बँकेचे आकार, यूपीएस, डोंगल सगळं मिळून माझे १ लाख ८६ हजार गेले, सव्वादोन वर्षांत थोडे थोडे. फी दरवर्षी बदलते, भरायच्या दिवशी बघूनच हिशेब करा. पुस्तकं मस्कतच्या मुलाने त्याची जुनी दिली, तो दिवाळीला येताना घेऊन आला, नाहीतर खर्च आणखी वाढला असता. अभ्यासक्रम बदलला नाही ना, एवढं बघून जुनी पुस्तकं घ्यायला हरकत नाही. गिरणीने फीमधले काही पैसे परत दिले, पेपरच्या दिवशी रजाही दिली. पगार अजून तोच आहे. पीओचा नमुना मात्र बदलला: वरच्या बाजूला ठळक अक्षरात इन्कोटर्मचा, म्हणजे ‘एक्स वर्क्स’सारख्या अटीचा, रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. साहेबांनी तो मला न विचारता करवून घेतला होता, पहिल्या छापलेल्या पीओची प्रत माझ्या टेबलावर ठेवून गेले.

पुस्तकं आता माझ्याकडे नाहीत. आमच्या स्टोअरला एक मुलगी आहे, जीआरएन लिहिते, मागच्या वर्षीच लग्न झालं. गेल्या रविवारी ती लेव्हल ४ ची पुस्तकं न्यायला घरी आली. सासूबाईंनी चहा केला. मुलगी मोबाईलवर नोंदणीचा फॉर्म उघडूनच बसली होती, लगेच भरू म्हणाली. मी मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, “थांब. आधी आधार, पॅन आणि डिग्री तिन्ही काढ, कशावर कोणतं नाव आहे ते मला दाखव.”